आईची आवृत्ती

ऑक्टोबर लागला की आमच्या ऑफिसात एक मेल येतो. दरवर्षी येतो आणि दरवर्षी तो वाचून माझं डोकं फिरतं. मेलात एवढंच असतं की अमुक एका आवृत्तीचं आयुष्य संपलेलं आहे, तरी सर्वांनी ती आपापल्या कॉम्प्युटरवरून ताबडतोब काढून टाकावी. 'आयुष्य संपलेलं' हे शब्द माझे नाहीत. आमच्या धंद्यात तसंच म्हणतात, एंड ऑफ लाइफ, आणि म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. यंदाचा मेल काल आला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तो वाचला, दोन बटणं दाबली आणि कॉफी आणायला गेली. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

खाली लोअर परळ तापलेलं होतं. पाऊस संपलेला, थंडीचा पत्ता नाही, मधलेच हे चिकट दिवस. दसऱ्याचा झेंडू कडेला ढिगाने सुकत पडलेला, रस्त्यावरून वर येणारी वाफ, घामोळं, आणि संध्याकाळ झाली की चाळींच्या बाजूने येणारा भाजणीचा खमंग वास. आमच्या इमारतीच्या आवारात गिरणीची चिमणी अजून उभी आहे. तिला रंग दिलाय, रात्री तिच्यावर दिवे सोडतात. चिमणी ठेवली आणि तिच्याखाली राबणारी माणसं काढली, ही कुणाची अक्कल म्हणायची कोण जाणे. ऑक्टोबरात मला असल्या सगळ्याच गोष्टींचा राग येतो. इतर महिन्यांत मी बऱ्यापैकी शहाणी बाई आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना थोडं सांगायला हवं. मी प्रोग्रॅम लिहिते. लिहिलेला प्रोग्रॅम आपण होऊन काही करत नाही. तो वाचून त्याप्रमाणे कॉम्प्युटरकडून काम करून घेणारी एक यंत्रणा लागते, तिला रनटाइम म्हणतात. तिची दरवर्षी नवी आवृत्ती निघते. नवी अधिक हुशार असते, चपळ असते, आणि जुन्या काही सवयी तिने टाकून दिलेल्या असतात. त्यामुळे जुन्या आवृत्तीच्या भरवशावर लिहिलेला प्रोग्रॅम तिच्यापुढे ठेवला, तर कधी ती तो चालवते आणि कधी सरळ तोंड फिरवते. यावर उपाय इतका सोपा आहे की सांगताना लाज वाटते. जुनी राहू द्यायची, नवी शेजारी ठेवायची, आणि प्रत्येक प्रोग्रॅमला सांगून ठेवायचं की बाबा, तुझी ही. एका कॉम्प्युटरवर अशा पाच-सहा आवृत्त्या सुखाने नांदतात. त्यासाठी फुकट मिळणारी साधनं आहेत. जुन्या आवृत्तीतली भोकं कुणी बुजवत नाही, तिच्यातून चोर शिरू शकतो, हेही खरं. पण मग तिचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडावा, तिला घरातल्या घरात काम करू द्यावं. हे सगळं आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी मेल येतो तो 'काढून टाका' असाच.

माझं माहेर फणसवाडीत. दोन खोल्या, पुढे लांबच लांब सामायिक गॅलरी. आता तिथे आई, माझा धाकटा भाऊ नंदू आणि त्याची बायको स्मिता राहतात. आमच्या मजल्यावर एक रीत आहे. दिवाळीच्या साफसफाईत घरातली नको झालेली वस्तू थेट भंगारात जात नाही. ती आधी गॅलरीत कठड्याला टेकवून ठेवतात आणि मोठ्याने विचारतात, कुणाला हवंय का? दिवसभर ती वस्तू तिथे राहते. मग कुणाच्या लेकीला ती फळी हवी असते, कुणाचा स्टोव्ह त्याच वाटीवाचून अडलेला असतो. संध्याकाळपर्यंत कुणी आलंच नाही तर ती जाते. आमच्या लहानपणी मजल्यावरचं हे विचारण्याचं काम आईकडे होतं, कारण तिचा आवाज टोकाच्या खोलीपर्यंत पोचायचा. विमा कंपनीत क्लार्की करून आलेली बाई, पदर खोचून गॅलरीत उभी राहायची आणि दुसऱ्यांच्याही डबड्यांची चौकशी पुकारायची. त्या आठवड्यात घराघरांत फिनेलचा, ओल्या चुन्याचा आणि उन्हात तापलेल्या गाद्यांचा वास असायचा.

या आवाजाच्या बाईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. उजवा हात गेला, पाय थोडा परत आला, समज मात्र जिथल्या तिथे राहिली. आपण बोललेलं तिला सगळं कळायचं. उत्तर तोंडापर्यंत यायचं आणि तिथे नुसता एक ओढलेला स्वर व्हायचा. पहिले काही महिने ती त्या स्वराचाच राग राग करायची. मग तिने तोंड उघडणंच सोडलं.

तेव्हा मी तिच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. पलंगाशी झुलत्या दांडीवर एक टच स्क्रीन बसवला, त्यावर चित्रांची बटणं. आईने डाव्या हाताने बटण दाबलं की कॉम्प्युटर तो शब्द बोलणार. पण कुणाच्या आवाजात? तयार आवाज मिळतात, मी ते लावून पाहिले. कुठल्यातरी घोषणा करणाऱ्या बाईने आमच्या घरात 'मला पाणी हवे आहे' म्हटल्यावर आईने स्क्रीन ढकलून दिला. तिचं बरोबर होतं. मग मला आठवलं की आईला फोनवर टाइप करायचा कंटाळा होता. ती मला व्हॉइस मेसेज पाठवायची, दिवसाकाठी कितीतरी, आणि मी आळशीपणाने त्यातला एकही पुसला नव्हता. तेवढा एक आळस माझ्या कामी आला.

तो पावसाळा मी आईचा आवाज कापण्यात घालवला. दादरच्या घरी, कानाला हेडफोन लावून, तिच्या वाक्यांतून एकेक शब्द वेगळा करत बसायचे. 'पाणी गेलंय गं' यातलं पाणी. 'चहा टाकते, ये' यातला चहा, आणि त्याच्या शेपटीला कुकरच्या शिट्टीचा तुकडा, तो काही केल्या सुटेना. पंखा मिळाला, औषध मिळालं, स्मिता आणि नंदू तर ढिगाने मिळाले. 'नको' इतक्या तऱ्हांचे मिळाले की निवडताना हसू यायचं. 'हो' मात्र एकही सापडला नाही. आमच्या आईने आयुष्यात कुणाला साधं हो म्हटलं नव्हतं, ती 'बरं' म्हणायची. तेव्हा 'हो'च्या बटणावर 'बरं' बसवलं. आवाज नीट लागावा म्हणून जो जोड-प्रोग्रॅम वापरला, तो त्या वेळच्या रनटाइमवरच चालायचा. पुढच्या आवृत्तीसाठी तो कुणी लिहिलाच नाही. मला त्याची फिकीर नव्हती. घरचा कॉम्प्युटर, घरची आवृत्ती, कोण कशाला हात लावतंय.

आईने पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा ती रडली नाही. तिने बटणं एकामागून एक सगळी दाबून पाहिली, दुकानात कापड पाहावं तशी, आणि मग स्मिताकडे बघून 'चहा' दाबलं. स्मिताच पदराने डोळे पुसत आत गेली. त्यानंतर आईचं बोलणं वाढतच गेलं. ती भाजीवर टीका करू लागली. टीव्ही चालू असताना ती 'नको, नको' असं दाबत राहायची आणि कुठली मालिका नको ते आम्ही ओळखायचं. मी शनिवारी गेले की नवे शब्द घालून द्यायचे. घरात पुन्हा भांडणं सुरू झाली. भांडण ऐकून मला इतकं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

आणि मग तो ऑक्टोबर आला, ज्याची आठवण या मेलाबरोबर दरवर्षी वर येते.

नंदू घरूनच काम करतो. त्याची कंपनी परदेशातल्या ऑफिसांचे हिशेब सांभाळते. कॉम्प्युटर एकच, एक पडदा त्याच्या टेबलावर, एक आईच्या पलंगाशी. दिवाळी तोंडावर आली होती, स्मिताने माळा उपसला होता, गॅलरीभर पितळेची भांडी चिंच लावून पडली होती. त्याच दिवसांत नंदूच्या कंपनीने नवा प्रोग्रॅम दिला आणि सोबत सूचना दिली: नवा रनटाइम टाकण्यापूर्वी आधीच्या सर्व आवृत्त्या काढून टाकाव्यात. नंदू आज्ञाधारक आहे, हेच त्याचं दुखणं. घरात साफसफाई चाललीच होती, त्याच झपाट्यात त्याने कॉम्प्युटरही साफ केला. जुनी आवृत्ती गेली, तिच्याबरोबर तो जोड-प्रोग्रॅम गेला. गॅलरीत मोडकी चाळणीसुद्धा कुणाला हवी का विचारून टाकणाऱ्या घरात, आईचं बोलणं कुणालाही न विचारता गेलं. पलंगावर बसलेल्या बाईला काय विचारायचं, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नसेल. मनात आलं नाही, यानेच माझा जास्त संताप होतो.

मला कुणी कळवलं नाही. ऑफिसात दिवाळीआधीची घाई होती, दोन शनिवार मी गेले नाही, फोनवर स्मिता म्हणायची सगळं ठीक. तिच्या लेखी ठीकच होतं. घर लख्ख झालं होतं, चकल्या झाल्या होत्या, सासूबाई शांत होत्या. मग एके दुपारी नंदूचा फोन आला की आईला ताप आहे, थंडी वाजून येतेय, डॉक्टर लघवीचा संसर्ग म्हणताहेत. त्या उकाड्यात आई पाणीच पीत नव्हती. जेवणाबरोबर दिलेला पेला तेवढा, तोही अर्धा.

मी पोचले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ सुकलेले. तिच्या पुढ्यातला स्क्रीन काळा, आणि त्याच्या दांडीवर कुणीतरी धुतलेला टॉवेल वाळत घातलेला. त्या टॉवेलकडे बघून माझ्या कानशिलातून जाळ निघाला. मी तो ओढून काढला, कॉम्प्युटर चालू केला आणि पाच मिनिटांत काय झालंय ते मला कळलं. नंदूला विचारलं, हे बंद पडलं तेव्हा मला फोन का नाही केलास?

"अगं ताई, ते उघडेचना. मला वाटलं जुनं झालं, गेलं," तो म्हणाला. "आणि आई तशीही खुणा करतेच की."

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. त्याची खुर्ची दिवसभर पलंगाकडे पाठ करून असते, खूण दिसायला मागे बघावं लागतं. नंदू वाईट नाही. आईला उचलून बसवतो, तिची नखं कापतो, तिच्या औषधाची वेळ चुकवत नाही. चांगल्या माणसाचा राग करणं फार दमवणारं असतं, कारण त्याला ओरडलं की आपणच वाईट दिसतो. मला त्या दिवशी वाईट दिसायला काही हरकत नव्हती.

"आपल्याकडे उपासाची कढई वेगळी आहे ना?" मी म्हटलं. "मासळीची वेगळी. नवीन कढई आणली म्हणून तुझी बायको उपासाची भंगारात देते का? दोन्ही एकाच मांडणीवर राहतात. हेही राहिलं असतं, नंदू. दोन्ही राहिली असती."

तो म्हणाला, ऑफिसने लेखी दिलं होतं. मी म्हटलं, ऑफिस तुझ्या आईला ओळखत नाही, तू ओळखतोस. स्मिताने मधे पडून चहा विचारला. मी नको म्हटलं आणि माझ्या तोंडून तो अगदी आईचा 'नको' निघाला.

त्या दुपारी मी काम केलं ते तासाभराचंसुद्धा नव्हतं. आवृत्त्या सांभाळणारं साधन टाकलं, जुनी आवृत्ती परत आणली, तिच्यावर तो जोड-प्रोग्रॅम पुन्हा बसवला, तिला तिची वेगळी जागा दिली. नंदूच्या प्रोग्रॅमला सांगितलं तुझी नवी, आईच्या प्रोग्रॅमला सांगितलं तुझी जुनी. आवाजाच्या फायली शाबूत होत्या. दोन्ही पडदे उजळले. नंदूचे आकडे एकीकडे, आईची चित्रं दुसरीकडे, एकाचा दुसऱ्याला धक्का नाही. एवढ्यासाठी माझी आई तापाने फणफणली होती. नंदू मागे उभा राहून बघत होता आणि म्हणाला, इतकं सोपं होतं? मला सुचलेलं उत्तर छापण्यासारखं नव्हतं.

मी आईला हलवून म्हटलं, बोल. तिने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

ताप उतरला तरी तिने बटणाला बोट लावलं नाही. आधी वाटलं अशक्तपणा असेल. मग हळूहळू समजलं, ती रुसली नव्हती. तिच्या हिशेबाने तिचं बोलणं आम्ही तिला दिलं होतं आणि आम्हीच काढून घेतलं होतं, आणि मधल्या दिवसांत घर काही अडलं नव्हतं. फराळ झाला होता, पणत्या आल्या होत्या. आपण न बोलल्याने कुणाचं काही बिघडत नाही, हे माणसाला एकदा कळलं की ते परत न कळल्यासारखं कसं करायचं? पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत मी तिच्याशी बोलत राहिले, तिने मानेनेही उत्तर दिलं नाही. मला भीती वाटत होती की ऑफिसातला तो ऑक्टोबरचा मेल ज्या तऱ्हेने लिहिलेला असतो, तसंच काहीतरी तिने स्वतःबद्दल ठरवून टाकलंय. कॉम्प्युटर दुरुस्त झाला होता आणि आई अजून बंद होती.

भाऊबीजेला एरवी नंदू माझ्याकडे दादरला येतो. त्या वर्षी आईमुळे मी फणसवाडीत जायचं ठरलं होतं आणि माझा पाय निघत नव्हता. ज्याचं तोंड बघू नये असं वाटतंय त्याला ओवाळायचं, दीर्घायुष्य मागायचं, हा काय छळ. तरी गेले. सणाला घरात तमाशा नको एवढंच. स्मिताने पाट मांडला, रांगोळीची दोन बोटं ओढली. मी ताटात निरांजन, सुपारी, अक्षता ठेवल्या. आणि नंदूचा फोन वाजला. परदेशातल्या ऑफिसाला भाऊबीज ठाऊक नसते. अर्ध्या तासाची मीटिंग आहे, ताई, आत्ता संपवतो, असं म्हणत तो रेशमी झब्ब्यातच खुर्चीवर जाऊन बसला. त्याच्या पडद्यावर आठ-दहा चौकोनी चेहरे उगवले. मी ताट हातात घेऊन उभी. मनात म्हटलं, बस, ओवाळते तुला.

नंदू इंग्रजीत आकडे सांगत होता. आणि खोलीत आईचा आवाज आला.

"पाणी."

स्पष्ट, खणखणीत, मागे कुठेतरी पुसट हॉर्न. पडद्यावरचे चेहरे थबकले. मी वळून पाहिलं. आई उशीला टेकून बसली होती, डावा हात स्क्रीनवर, नजर नंदूच्या पाठीवर. नंदूने बोलता बोलताच मागे हात लांबवून तांब्या उचलला आणि पेल्यात पाणी ओतून तिच्यापुढे धरला. त्याचं बोलणं थांबलं नव्हतं.

"नको," आईने दाबलं.

पेला तसाच हवेत राहिला. आईचं बोट स्क्रीनवर फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं.

"काल."

हा शब्द खुणेने सांगता येत नाही. तहान लागली की अंगठा ओठांशी नेता येतो, पंख्याकडे बोट दाखवता येतं, पण ज्या तहानेचे दिवस उलटून गेले ती दाखवायला माणसाच्या हातात काही नसतं. आई ते सांगत होती. तिने 'काल' पुन्हा दाबलं, आणि पुन्हा, आणि पुन्हा, जितके दिवस तिच्या मनात होते तितके. मग 'पाणी'. मग बराच वेळ शोधून, 'नाही'.

स्मिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं नंदू आता हेडफोन घालेल, किंवा दांडी धरून स्क्रीन बाजूला वळवेल, आणि त्याने तसं केलं असतं तर मी हातातलं ताट त्याच्या डोक्यात घातलं असतं. समोरून कुणीतरी सौजन्याने विचारलं की सगळं ठीक आहे ना, पुढे जायचं का. नंदूने पेला खाली ठेवला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसती झब्ब्याची पाठ दिसत होती.

"नो. माय मदर इज टॉकिंग," तो म्हणाला, "अँड आय हॅव टू लिसन."

त्याने मीटिंग बंद केली, खुर्ची पलंगाकडे वळवली आणि आईच्या समोर बसला. आईने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग स्क्रीन स्वतःकडे ओढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.